डाव्या तळहाताखालची फट

24 जून 2010 रोजी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि जपान या पाच देशांत ॲपल कंपनीचा आयफोन 4 विक्रीस आला. दुकानांपुढे रात्रीपासून रांगा धरून बसलेल्या ज्या मंडळींच्या हाती तो प्रथम पडला, त्यांच्यापैकी कित्येकांना दिवस मावळण्यापूर्वीच एक चमत्कारिक गोष्ट आढळून आली. फोन टेबलावर ठेवला असता रेंजच्या पाचही दांड्या दिसत. तोच डाव्या हातात नेहमीसारखा धरला, की काही सेकंदांत त्या एकामागून एक नाहीशा होत, आणि क्वचित चालू असलेला कॉलही तुटे. नव्या फोनाच्या पहिल्या ग्राहकांची अशी चर्चा ही हौशी लोकांची कुरकुर समजून दुर्लक्षिण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. हा समज मला अन्यायाचा वाटतो, आणि तो अन्यायाचा का, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

दोषाचे मूळ रचनेतच होते. फोनाच्या कडेने फिरणारी पोलादी पट्टी ही केवळ शोभेची चौकट नसून तीच त्याची अँटेना होती: एक भाग दूरध्वनीच्या लहरींसाठी, दुसरा वायफाय, ब्लूटूथ व जीपीएससाठी. हे दोन भाग एकमेकांपासून अलग राखणारी बारीक फट डाव्या बाजूस, तळाशी होती. माणसाचे शरीर विजेचे वाहक असल्यामुळे तळहाताचा मऊ, किंचित ओलसर भाग नेमका त्या फटीवर टेकला, की दोन्ही भाग जोडले जात आणि अँटेनेचा मेळ बिघडे. उजव्या हाताने लिहिता लिहिता डाव्या हाती फोन धरणाऱ्याचा तळहात तेथेच टेकतो, आणि डावखुऱ्या माणसाला तर दुसरी पकड सुचणेही कठीण.

लोकांनी यावर उपायही लगोलग शोधले. कोणी फटीवर चिकटपट्टी लावली, कोणी पारदर्शक नेलपॉलिशचा थर दिला, कोणी कंपनीचेच 29 डॉलरचे रबरी कडे, ज्याला बम्पर म्हणत, चढवून पाहिले. आणि पट्टी व कातडी यांचा प्रत्यक्ष स्पर्श टळताच रेंज पुष्कळशी टिकते, असा अनुभव बहुतेकांना आला. परंतु त्याच वेळी कित्येक ग्राहक तितक्याच प्रामाणिकपणे सांगत होते, की आम्ही फोन कसाही धरला तरी काही फरक पडत नाही. दोन्ही पक्ष खरे बोलत होते.

या कोड्याचा उलगडा रेंजच्या दांड्यांच्या हिशेबात होता. लहरींची तीव्रता ज्या मापाने मोजतात, त्यात 20 डेसिबलची घट म्हणजे शक्ती शतांश होणे. आनंदटेक या संगणकविषयक संकेतस्थळाने केलेल्या मोजणीत असे दिसले, की हा फोन उघडा, सहज पकडीत धरला असता सुमारे 20 डेसिबलची घट येते. आणि पाचवी दांडी उणे 51 पासून उणे 91 पर्यंतचा विस्तीर्ण पट्टा व्यापते, तर खालच्या चारही दांड्या मिळून उणे 91 ते उणे 113 एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंबलेल्या आहेत. ज्या शिडीची वरची पायरी पुरुषभर उंच आणि खालच्या सगळ्या वीतभर, तिच्यावरून पाय घसरण्यासारखाच हा प्रकार. ज्याच्या घरी लहरी उणे 60 इतक्या बळकट, त्याचा आकडा उणे 80 वर गेला तरी पाचही दांड्या शाबूत राहत. पण ज्याच्या घरी त्या उणे 91 च्या आसपास होत्या, त्याला वर पाच दांड्या दिसत असतानाच आकडा उणे 111 वर घसरे आणि उरे ती एकच दांडी. त्याच परीक्षकांनी हेही नमूद केले, की अगदी क्षीण लहरींवर कॉल टिकवून धरण्याची या फोनाची शक्ती आधीच्या आयफोनपेक्षा सरस आहे. दोष खरा होता, आणि सुधारणाही खरी होती. एकाने दुसऱ्याला खोटे ठरवण्याचे कारण नव्हते.

कंपनीचा पहिला प्रतिसाद मात्र समाधानकारक म्हणता येत नाही. एका ग्राहकाच्या पत्राला कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांचे जे उत्तर प्रसिद्ध झाले, त्याचा आशय फोन तसा धरण्याचे टाळा, एवढाच होता. 2 जुलैच्या खुलाशात दांड्या दाखवण्याचे सूत्रच पहिल्या आयफोनपासून चुकीचे असल्याची कबुली होती आणि ते बदलण्याचे आश्वासन होते. 15 जुलैला त्याप्रमाणे सॉफ्टवेअर आलेही; परंतु त्याने दांड्यांचा आकडा खरा झाला, फट होती तेथेच राहिली. मधल्या काळात, 12 जुलै रोजी, कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकेतील ग्राहकांच्या मान्यवर संस्थेने बाहेरच्या लहरींना मज्जाव असलेल्या खोलीत तीन फोनांची परीक्षा करून, हा दोष असेपर्यंत आम्ही या फोनाची शिफारस करू शकत नाही, असा निर्णय जाहीर केला. तिनेही तात्पुरता इलाज सुचवला तो जाड चिकटपट्टीचाच.

16 जुलैच्या पत्रकार परिषदेत जॉब्स यांनी आकडे मांडले: तीन आठवड्यांत 30 लाख फोन विकले गेले, त्यांपैकी अवघ्या 0.55 टक्के ग्राहकांनी अँटेनेबद्दल तक्रार केली, आणि आधीच्या नमुन्याच्या तुलनेत कॉल तुटण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमीने वाढले. हे आकडे खोटे मानण्याचे मला कारण दिसत नाही. पण सरासरीच्या आकड्यात बळकट लहरींच्या छायेत राहणारे लक्षावधी लोक आणि शहराच्या टोकाला राहणारा तो एक माणूस एकत्र मिसळून जातात, आणि त्याची दाद लागत नाही. अखेर 30 सप्टेंबरपर्यंतच्या खरेदीवर प्रत्येकाला आवरण मोफत देण्याची तजवीज झाली. म्हणजे ग्राहकांनी पहिल्याच दिवसांत शोधलेला इलाजच कंपनीने अधिकृत केला.

अद्ययावत प्रयोगशाळा असलेल्या कंपनीच्या नजरेतून ही गोष्ट सुटली कशी? मार्च 2010 मध्ये कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटीच्या एका मद्यगृहात या फोनाचा चाचणीचा नमुना विसरला गेला होता, आणि तो गुप्ततेसाठी जुन्या आयफोनसारख्या दिसणाऱ्या आवरणात दडवलेला होता. बाहेर वावरणारे परीक्षक फोन जर असाच आवरणात बाळगत असतील, तर त्यांचा तळहात पोलादाला लागलाच नसेल, हा तर्क मला फार सयुक्तिक वाटतो. उघड्या हातांची परीक्षा पहिल्या ग्राहकांनीच प्रथम मोठ्या प्रमाणावर घेतली.

त्यांच्या चर्चेत इतरही तक्रारी होत्या, आणि त्यांची गत निरनिराळी झाली. काहींच्या पडद्यावर पिवळसर डाग दिसत; काचेमागचा चिकट द्रव पुरता सुकला नसावा, असे लोक म्हणत, आणि काही दिवसांत डाग फिके पडल्याचे अनेकांनी कळवले. बोलताना पडदा जागा होई व गाल लागून कॉल बंद पडे. हा जवळीक ओळखणाऱ्या सेन्सरचा दोष सप्टेंबरच्या सॉफ्टवेअरने दुरुस्त करण्यात आला. कोणता दोष काळाने जाईल, कोणता सॉफ्टवेअरने आणि कोणता धातू बदलल्यावाचून जाणारच नाही, हा भेद कळणे नव्या ग्राहकास अत्यंत उपयोगाचे असते, कारण फोन परत करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते.

धातूची दुरुस्ती पुढल्या नमुन्यांत झाली. फेब्रुवारी 2011 मध्ये व्हेरायझन या अमेरिकी दूरध्वनी कंपनीसाठी आलेल्या आयफोन 4 मध्ये फटींच्या जागा बदलल्या, आणि ऑक्टोबरमधल्या आयफोन 4 एसमध्ये दोन अँटेनांपैकी जी चांगली चालेल तिच्याकडे आपोआप वळण्याची सोय आली. भारतात मात्र मे 2011 मध्ये एअरटेल व एअरसेलमार्फत जो आयफोन 4 आला, त्याची पोलादी पट्टी पहिल्यासारखीच होती. या दोषावरून अमेरिकेत ॲपलवर झालेल्या दाव्याची तडजोड 2012 साली झाली, आणि तिच्यानुसार तेथील ग्राहकास 15 डॉलर किंवा एक बम्पर मिळाला.

नवा फोन घेणाऱ्या वाचकास माझी विनंती एवढीच, की तक्रार लिहिताना ‘रेंज येत नाही’ इतक्यावर थांबू नये. ठिकाण कोणते, फोन कोणत्या हातात व कसा धरला होता, कव्हर होते की नव्हते, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, हे सर्व तिच्यात नमूद करावे, आणि परत करण्याची मुदत सरण्यापूर्वी ती लेखी दाखल करून पोच घ्यावी.