गोठत्या समुद्रातले डांबर

अलिबागला माझ्या मावशीच्या न्हाणीघराच्या दाराशी रॉकेलची एक बाटली आणि चिंधी कायम ठेवलेली असे. पावसाळ्यात किनाऱ्यावरून फिरून आलेल्या पाहुण्याचे तळवे ती आधी तपासायची. वाळूतले काळे डांबर साबणाला दाद देत नाही, तिथे रॉकेलच लागते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन इंधन समुद्रात सांडले, तेव्हा तर मावशीने घरात मासळी येणेच बंद केले. असल्या हट्टाला कोकणात केवढे धैर्य लागते, हे जाणत्यांस सांगायला नको!

त्या काळ्या तेलाची चौकशी करता करता मी थेट उत्तर ध्रुवापर्यंत जाऊन पोचलो. अर्थात वाचनालयातल्या खुर्चीत बसून.

कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल असा सारा मलिदा काढून घेतला की तळाशी दाट, काळा राब उरतो. फर्नेस ऑइल म्हणतात ते हेच. ते स्वस्त असते, म्हणून कित्येक वर्षे मोठमोठ्या जहाजांच्या पोटात तेच ओतले गेले. हिवाळ्यात आपल्या घरातले खोबरेल बाटलीत थिजते, तशीच याची गत. तापवल्याशिवाय ते नळीतून पुढे सरकत नाही. आता असे तेल बर्फाळ पाण्यात सांडले तर काय होईल? ते उडून जात नाही. पाणी पिऊन फुगते, बर्फाखाली जाऊन दडते, किनाऱ्याच्या दगडांना चिकटून बसते. तशात हिवाळ्यातला लांबलचक काळोख, आणि मदतीचे बंदर शेकडो मैल दूर.

डिसेंबर २००४ मध्ये ‘सेलेन्डांग आयू’ नावाचे मालवाहू जहाज सोयाबीन घेऊन सिअ‍ॅटलहून चीनकडे निघाले होते. वाटेत इंजिन बंद पडले. वादळात भरकटत ते अलास्काच्या उनालास्का बेटावर आदळले आणि त्याचे दोन तुकडे झाले. जहाजावर २६ माणसे होती, त्यांत आपले भारतीय खलाशीही होते. त्यांना उचलायला आलेल्या हेलिकॉप्टरवर लाट उसळली, ते कोसळले आणि सहा जण गेले. इंधन सांडले ३ लाख गॅलनांहून अधिक. किनाऱ्याची सफाई २००६ पर्यंत रेंगाळली. आणि ही जागा, बरे का, ध्रुवीय म्हणून नियमांत आखलेल्या रेषेच्याही बरीच दक्षिणेला आहे!

न सांडता नुसते जाळले, तरी हे तेल गुण दाखवतेच. पणतीवर वाटी उपडी धरून काजळ धरणाऱ्या आज्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. धुराड्यातून निघालेली काजळी बर्फावर बसते. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळवंडलेला ते शोषून घेतो आणि लवकर वितळतो. बर्फ वितळला की वाट मोकळी होते, आणि वाट मोकळी झाली की आणखी जहाजे येतात.

दक्षिण ध्रुवाकडे हा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नियम केला आणि १ ऑगस्ट २०११ पासून अंटार्क्टिकाच्या समुद्रात हे तेल वापरायलाच नव्हे, नुसते वाहून न्यायलाही बंदी झाली. तिथे गाव नाही, बाजार नाही, कारखाना नाही. रागावणार तरी कोण?

उत्तरेला मात्र माणसे राहतात आणि व्यापारही आहे. निरनिराळ्या संस्थांनी एकत्र येऊन ‘क्लीन आर्क्टिक अलायन्स’ उभारली. तिचे लोक वर्षानुवर्षे लंडनच्या सभांना जात राहिले, टिपणे वाटत राहिले. ‘हुर्टिग्रुटन’ ही नॉर्वेची प्रवासी जहाजांची कंपनीसुद्धा त्यांच्या बाजूने बोलू लागली. शेवटी जून २०२१ मध्ये बंदी मंजूर झाली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाली. पण कशी? ज्यांच्या टाक्यांना दुहेरी कवच आहे, त्या जहाजांना २०२९ च्या जुलैपर्यंत सवलत. ज्या देशांचा किनारा त्या समुद्राला लागतो, त्यांनी आपल्या पाण्यात आपल्याच जहाजांना सूट द्यावी, तीही तोपर्यंतच. मराठी व्याकरण शिकवताना मी मुलांना सांगतो, की नियम अपवादांनी सिद्ध होतो; या नियमाची तर अपवादांनी पार चाळणी केली आहे.

मला राग आला खरा, पण तो पुरता टिकला नाही. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बहुतेक इनुइट वस्त्यांना बाहेरून रस्ता नाही. उन्हाळ्यात बर्फ हटला की काही आठवडे जहाजे येतात आणि वर्षाची बेगमी उतरवून जातात. इंधन महागले की भाडे वाढते, आणि आधीच महाग असलेले पीठ आणखी महागते. पण तेल सांडले, तर ज्या सीलवर आणि देवमाशावर त्यांचे घर चालते तेच विषारी व्हायचे. दोन्हीकडून चटका त्यांनाच.

बंदीचा ठराव झाला जून २०२१ मध्ये. इनुइट लोकांच्या ‘इनुइट सर्कम्पोलर कौन्सिल’ला त्या संघटनेत, तात्पुरते का होईना, सल्लागार म्हणून स्थान मिळाले ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. मूळ रहिवाशांच्या संस्थेला तिथे खुर्ची मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.