अडवलेला किरण

1873 मध्ये अर्न्स्ट आबे यांनी सूक्ष्मदर्शकाला कुंपण घातलं. भिंग कितीही घासा, तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक काही दिसायचं नाही. म्हणजे सुमारे 200 नॅनोमीटर. खोलीच्या दिशेनं तर त्याहून बरंच वाईट. पेशीकेंद्रकाच्या आवरणातली छिद्रं जेमतेम 120 नॅनोमीटरची. फ्लुरोसंट रंगानं उजळवली तरी शेजारशेजारची छिद्रं एकमेकांत मिसळायची.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅट्स गुस्टाफ्सन या स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञानं भिंगाचा नाद सोडून प्रकाशालाच हात घातला. उजेड सरसकट न टाकता पट्ट्यापट्ट्यांचा टाकायचा. मच्छरदाणीचे दोन थर एकमेकांवर आले की वीण दिसत नाही इतक्या लांबूनही रुंद लाटा दिसतात ना, तसंच. पट्टे आणि पेशीतला बारकावा मिसळून ज्या रुंद लाटा उठतात, त्या भिंगातून पार होतात. त्यांतून मूळ बारकावा सोडवायचं काम संगणकाचं. 2000 मध्ये आडव्या दिशेचं रेझोल्यूशन दुप्पट झालं. जर्मनीत हाइन्ट्समान आणि क्रेमर हेही याच वाटेवर होते, हे सांगायलाच हवं.

खोलीचं काय? दोन किरणांच्या भेटीतून उठणारे पट्टे वरपासून खालपर्यंत एकसारखेच. खोलीबद्दल ते मुके. पट्टे पाडणाऱ्या बारीक जाळीतून सरळ येणारा मधला किरण तोवर मुद्दाम अडवला जाई. गुस्टाफ्सन आणि सहकाऱ्यांनी तो सोडला. तीन किरण भेटले आणि प्रकाशाची नक्षी खोलीतही बदलू लागली. मग कष्टाचं काम: पट्टे पाचदा सरकवायचे, जाळी तीन कोनांत फिरवायची, म्हणजे एकेका पातळीसाठी 15 फोटो. 2008 मध्ये तिन्ही दिशांचं रेझोल्यूशन दुप्पट झालं. घनफळात मोजलं तर आठपट.

त्याच वर्षी म्युनिकमधल्या गटाबरोबर हे तंत्र उंदराच्या पेशींवर लावलं. एरवी एकमेकांवर चढणारे रंग सुटे झाले: छिद्रं वर, त्यांखाली लॅमिन या प्रथिनांचं अस्तर, त्याखाली डीएनए. प्रत्येक छिद्राच्या बरोबर खाली डीएनएत मोकळी वाट होती. ती आधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसली होती; आता साध्या प्रकाशात, रंगांसकट दिसली.

गुस्टाफ्सन 2011 मध्ये मेंदूतल्या गाठीनं वारले. 2014 चा नोबेल आबेंची मर्यादा याहून पुष्कळ पुढे ढकलणाऱ्या तिघांना मिळाला आणि तो रास्तच होता. पण त्या पद्धतींना रंगद्रव्यं निवडून घ्यावी लागतात. गुस्टाफ्सन यांच्या पद्धतीला प्रयोगशाळेतले नेहमीचे रंग चालतात.