मागांच्या खडखडाटातला ठेका

जुळे सोलापुरात कृष्णविवरांवर बोलायचे ठरले, तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "ज्यातून प्रकाशही बाहेर पडत नाही, त्याचे वजन तुम्ही केले कसे?" शंका रास्त आहे.

दोन कृष्णविवरे परस्परांभोवती फिरू लागली म्हणजे अवकाशात लहरी उठतात. त्यांस गुरुत्वलहरी म्हणतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो'च्या दोन यंत्रांनी अशी लहर प्रथम टिपली. यंत्र म्हणजे काटकोनात पसरलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारे लेसर किरण. लहर आली की एक भुजा ताणते, दुसरी आखडते. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी! इकडे रस्त्यावरून मालमोटार गेली, दूर कोठे भूकंप झाला, तरी यंत्र त्याहून अधिक थरथरते.

मग लहर ओळखावी कशी? सोलापूरकरांना हे सांगणे सोपे आहे. मागांच्या कारखान्यात पाहुणा शिरला तर त्याला नुसता खडखडाट ऐकू येतो. परंतु एका मागाचा ठेका चुकला तर जॉबर चटकन मान वळवतो. त्याला ठेका आधीच ठाऊक असतो. हीच गोष्ट येथे. आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून लहरीचा आकार आधी गणिताने काढावयाचा आणि तो गोंगाटाच्या नोंदीवर ठेवून जुळतो का पाहावयाचे. ही रीत पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली अशा जोड्यांसाठी तपशिलाने मांडली. म्हणजे लहर सापडण्याच्या चोवीस वर्षे आधी. एवढा धीर आम्हांस तरी झाला नसता.

आता वजनाचे. विवरे जवळ येतात तसतसा फेऱ्यांचा वेग वाढतो, लहरीची पट्टी चढते. ती किती झपाट्याने चढली यावरून वस्तुमान निघते. पहिली लहर सेकंदाचा पाचवा भाग टिकली, तेवढ्यात हिशेब लागला : एक विवर सुमारे ३६ सूर्यांएवढे, दुसरे २९, आणि मिळून झालेले ६२. पेठेतला कोणीही व्यापारी येथे वहीवर बोट ठेवील. उरलेले तीन सूर्य गेले कोठे? लहरींच्या रूपाने उधळले गेले. १३० कोटी प्रकाशवर्षे दूर झालेल्या त्या उधळपट्टीचा आपल्या वाट्याला आलेला अंश तो एवढा.

दिशा मात्र नीट कळली नाही. अमेरिकेतील दोन यंत्रे इतकी जवळ आहेत, की लहर पोचण्यात दहा मिलिसेकंदांहून अधिक फरक पडूच शकत नाही. म्हणून हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ तसेच यंत्र उभारण्याच्या २,६०० कोटी रुपयांच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मान्यता दिली. तेथून हा फरक तीस मिलिसेकंदांपलीकडे जाऊ शकेल आणि आकाशातला शोधावयाचा पट्टा आखडेल. जागा निवडताना जमीन किती स्तब्ध आहे हे मोजले गेले; पुढेही ती तशीच राखावी लागेल. जवळपास सुरुंग फुटू लागले किंवा जड वाहनांची वर्दळ वाढली, तर जॉबरच्या कानाशीच ढोल वाजवल्यासारखे होईल.