डोळ्याची खोबण आणि काळी बुरशी

बेतवाकाठच्या एरचहून बोलतोय. 2021 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात पसरलेली 'काळी बुरशी', म्हणजे म्युकरमायकोसिस, नाकातून सायनसमध्ये जाते. तिथून डोळ्याच्या खोबणीत शिरायला आड असते ते कागदासारखे पातळ हाड. साखर वाढलेली, त्यात स्टेरॉइड, की तिला रान मोकळे!

डोळा सुजला, पुढे आला, पापणी पडली, दोन-दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नाकातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. शत्रू कुठवर आलाय ते एमआरआय सांगतो. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी शिरेतून देतात, पण मेलेल्या भागात रक्तच जात नाही, मग औषध कसे पोहोचणार? तो भाग कापून काढावाच लागतो, कधी डोळाही. घरचे इथेच अडून बसतात, आणि तेवढ्यात बुरशी मेंदू गाठू शकते.