तळपायांचा घाम आणि त्याचा बंदोबस्त

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावच्या शिवारात पाऊस एकदा चांगला मुरला, की काळी जमीन पायाला जी धरते ती सोयाबीन-तुरीचे निंदण आटोपेपर्यंत सोडीत नाही. आणि त्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत ओलसर, पांढुरक्या, आग करणाऱ्या चिखल्या ज्याला कधी झाल्याच नाहीत असा कास्तकार विरळाच. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये ‘अलस’ या नावाने हाच विकार नमूद असून दूषित चिखलाचा स्पर्श हे त्याचे कारण दिले आहे. परंतु चिखलात पाऊलही न टाकणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलाचे तळवे जेव्हा बारमाही निथळतात, फरशीवर ओले ठसे उमटतात आणि चारचौघांत बूट काढण्याची वेळ आली की तो मागे सरतो, तेव्हा त्याच्या तक्रारीची दखल न घेता ‘पाय नीट धूत जा’ एवढे सांगून वडील माणसे मोकळी होतात, हा त्याच्यावर अन्याय आहे.

कारण हा दोष अस्वच्छतेचा नव्हे. मनुष्याच्या त्वचेत सुमारे 20 ते 40 लक्ष स्वेदग्रंथी असून तळहात व तळपाय येथे त्यांची दाटी सर्वाधिक असते, आणि तेथील ग्रंथी उष्णतेपेक्षा मनाच्या क्षोभाला अधिक तत्परतेने प्रतिसाद देतात. काही व्यक्तींत ग्रंथी निर्दोष असूनही मज्जातंतूंकडून त्यांना गरजेहून अधिक हुकूम सुटत राहतात. हा प्रकार बहुधा बालपणी वा वयात येताना सुरू होतो, दोन्ही पायांना सारखाच असतो, पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो आणि झोपेत थांबतो. याउलट प्रौढपणी एकाएकी सर्वांगाला घाम फुटू लागला, रात्री अंथरूण भिजू लागले, वजन घटले, ताप वा धडधड जाणवू लागली, तर थायरॉइड, क्षय, मधुमेह किंवा चालू असलेले एखादे औषध यांची चौकशी डॉक्टरांकडून विनाविलंब झाली पाहिजे.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. बंद बुटात मऊ पडलेल्या त्वचेवर वाढणारे जिवाणू घामातील व त्वचेतील द्रव्यांचे विघटन करतात, त्यातून दुर्गंधी उपजते. तेच जिवाणू कधी तळव्याला बारीक खळगे पाडतात. हा विकार कॅस्टेलानी या वैद्याने 1910 मध्ये सिलोनात वर्णिला, तो पावसात अनवाणी हिंडणाऱ्यांचा. आज तोच बंद बूट वापरणाऱ्यांत आढळतो.

पाय धुतल्यावर बेचके कोरडे पुसणे, मोजे दुपारी बदलणे, एकच जोडा लागोपाठ दोन दिवस न घालता वाळू देणे, या मामुली गोष्टींनी पुष्कळ कार्यभाग साधतो. मात्र घाम येतो म्हणून फवारणीच्या वेळी गमबूट टाकून देऊ नयेत. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, आणि ओली त्वचा विष अधिक सहज शोषते.

न्हाव्याकडची तुरटी हा अॅल्युमिनियमचाच क्षार, पण सौम्य. औषधाच्या दुकानातील सुमारे 20 टक्के अॅल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण रात्री पूर्ण कोरड्या तळव्यांना लावून सकाळी धुवावे, आणि घाम आटोक्यात आल्यावर आठवड्यातून एकदा-दोनदा पुरेसे होते. भेगा वा चिखल्या असताना ते लावू नये. चिखल्यांवर बुरशीनाशक मलम निराळे असते. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी खाज दबते, पण बुरशी पसरते, आणि अशी मलमे दुकानातून परस्पर आणण्याची जी वहिवाट पडली आहे ती घातक आहे.

एवढ्याने न भागल्यास पाण्यात पाय ठेवून सौम्य विद्युत्प्रवाह सोडण्याचा उपचार असतो. गर्भवतींनी व हृदयात पेसमेकर बसविलेल्यांनी तो घेऊ नये. बोटुलिनमच्या सुया काही महिने गुण देतात, परंतु त्या खर्चिक व वेदनादायक असतात. पोटात घेण्याच्या गोळ्या सर्वांगाचाच घाम रोखतात. म्हणून विदर्भाच्या उन्हात राबणाऱ्या माणसाने त्या डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेणे धोक्याचे आहे.

पालकांना व शिक्षकांना एवढीच विनंती, की अशा मुलाला वर्गात हिणवू नये, हिणवू देऊ नये, आणि त्याला एकदा त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे अवश्य न्यावे.