ऑक्सिजन सोडल्यावर तांबड्या पेशीचे काय होते?

काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटच्या ताज्या द्रावणाचा थेंब मिसळायचा, वर पातळ काच ठेवून कडा बंद करायच्या. हे रसायन रक्तातला ऑक्सिजन काढून घेते. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर बहुतेकांच्या तांबड्या पेशी गोलच दिसतात. काहींच्या मात्र विळ्यासारख्या वाकतात. सिकलसेलची ही जुनी चाचणी. (वर्गात करू नका, रक्त हाताळणे प्रयोगशाळेचे काम.)

पोशेऱ्याकडे, जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांत शिकवणाऱ्यांना हे नाव नवे नाही. पण ‘अंगात रक्त कमी’ एवढ्यावर आपण थांबतो, आणि खरी गोष्ट तिथेच निसटते.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. इन्ग्रॅम यांनी तो १९५७ साली दाखवला. ऑक्सिजन धरलेला असेपर्यंत काही बिघडत नाही. ऊतींना तो देऊन टाकला, की रेणूचा आकार बदलतो, व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत बसते आणि लांब धागे जुळतात. पेशी ताठरते, केशवाहिनीत अडकते. तिथला ऑक्सिजन आणखी घटतो, आणखी पेशी वाकतात.

मग रुग्णाला सतत वेदना का नसतात? कारण धागे जुळायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात बहुतेक पेशी फुफ्फुसात पोचून पुन्हा ऑक्सिजन घेतात. आजाराची तीव्रता बरीचशी या शर्यतीवर ठरते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, प्रवाह मंदावतो. पाणी कमी पडले, की पेशीतले हिमोग्लोबिन दाट होते. ते जरासे दाट झाले तरी धागे कित्येक पटींनी लवकर जुळतात. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेल्या मुलाचे दुखणे उन्हाळ्यात का उसळते, ते यावरून कळावे.

उलट, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन धाग्यांत सामील होत नाही. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत ते मोठेपणीही टिकते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध ते वाढवते. म्हणून ‘आपल्याकडचा आजार सौम्यच’ असे ऐकू येते. आम्हांला हे बोलणे धोक्याचे वाटते. तीव्र दुखणे इथेही येते.

२०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत तपासणी चालू आहे. पहिली विद्राव्यता चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते. वाहक मूल सहसा निरोगी असते, त्याला खेळातून बाजूला बसवू नये. रुग्ण मुलाला तासातही पाणी पिऊ द्यावे. ताप आला, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.