‘जो’ आणि ‘हू’ : इंग्रजी विशेषणवाक्यांचा परिचय

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मनुष्याची खरी परीक्षा शब्दसंग्रहात होत नाही. ती होते दोन वाक्ये एकमेकांत गुंफताना. ‘काल एक मनुष्य आला. तो माझा मामा आहे.’ ही दोन सुटी वाक्ये इंग्रजीत सांगणे फारसे अवघड नाही. परंतु ‘काल आला तो मनुष्य माझा मामा’ असे एकच वाक्य सांगावयाचे झाले, की ‘द मॅन केम यस्टर्डे इज माय अंकल’ असे काहीतरी तोंडून निघते आणि ऐकणारा वाक्याच्या मध्यावरच घोटाळतो. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. तिच्या मुळाशी मराठीचा एक सुरेख नियम आहे. आणि तो नियम नीट समजला, तर चूक आपोआप सुटते.

मुरारसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच रंजक होतो. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली व तिचेच लष्कर शहर झाले. मुरारला इंग्रजांची छावणी होती; ती १८८६ साली किल्ल्याबरोबर शिंद्यांकडे परत आली. या इतिहासामुळे इकडच्या मराठी घरांतील मुलाच्या कानावर घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शाळा-कचेरीत इंग्रजी अशा तीन भाषा पडतात. पैकी मराठी व हिंदी या गोष्टीत सख्ख्या बहिणी आहेत. ‘जो मुलगा आला, तो’ आणि ‘जो लड़का आया, वह’ यांची ठेवण एकच, कारण दोहोंचा वारसा संस्कृतातील ‘यः’ आणि ‘सः’ या जोडीचा आहे. इंग्रजी मात्र वेगळ्या वाटेने चालते.

नामाविषयी अधिक माहिती सांगून विशेषणाचे काम करणारे जे गौणवाक्य, त्यास विशेषणवाक्य म्हणतात. मराठीत हे काम तीन प्रकारे साधते. पहिला प्रकार ‘जो-तो’चा : ‘जो मनुष्य काल आला, तो माझा मामा.’ दुसऱ्यात ‘जो’ गळतो, पण ‘तो’ राहतो : ‘काल आला तो मनुष्य.’ तिसऱ्यात क्रियापदच विशेषणाचे रूप घेते : ‘काल आलेला मनुष्य’. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. माहिती आधी येते आणि मनुष्याची ओळख मागाहून पटते. इंग्रजीत नाम आधी उभे राहते आणि माहिती त्याच्या मागून चालते : ‘द मॅन हू केम यस्टर्डे’. जॅकने बांधलेल्या घराचे इंग्रजी बालगीत पुष्कळांना ठाऊक असेल. त्यात एकामागून एक विशेषणवाक्ये शेपटीला जोडली जातात आणि तरी मूल गोंधळत नाही. तेच मराठीत ‘-लेला’, ‘-लेल्या’ लावून सांगू गेल्यास मूळ नाम हाती येईपर्यंत श्रोत्याचा दम संपतो.

आता शब्दांची निवड. मराठीतील ‘जो, जी, जे’ नामाचे लिंग पाहतात. इंग्रजी लिंग पाहत नाही. ती व्यक्ती की वस्तू एवढेच पाहते. व्यक्तीस ‘हू’, वस्तूस ‘व्हिच’ आणि दोहोंस चालणारा ‘दॅट’. हा भेदही पूर्वी इतका पक्का नव्हता. १६११ च्या इंग्रजी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत स्वर्गातील पित्यासाठी ‘व्हिच’ हाच शब्द योजिला आहे. आज तेथे कोणीही ‘हू’ म्हणेल. ‘ज्याला’साठी असलेला ‘हूम’ हा शब्द आता बहुधा लेखी इंग्रजीतच आढळतो. बोलताना लोक ‘हू’ म्हणतात, किंवा संबंधी शब्दच गाळतात.

हे गाळणे हीच पहिली अडचण. ‘मी पाहिला तो मनुष्य’ म्हणताना मराठी माणूस ‘जो’ गाळतो. इंग्रजही ‘द मॅन आय सॉ’ म्हणून ‘हूम’ गाळतो. येथवर दोघांचे जमते. पण मराठीत ‘तो’ हा शब्द खुणेसारखा शिल्लक राहतो आणि गौणवाक्य कोठे संपले हे सांगतो. म्हणून मराठीत ‘काल आला तो मनुष्य’ हेही निर्वेध चालते. इंग्रजीत अशी खूण नाही. ‘द मॅन’ या शब्दांमागून लगेच ‘केम’ आले, की ऐकणारा तेच मुख्य क्रियापद समजतो. यास्तव प्रमाण इंग्रजीचा नियम असा : संबंधी शब्द गौणवाक्यातील कर्म असेल तर तो गाळता येतो, तोच कर्ता असेल तर गाळता येत नाही. ‘द मॅन हू केम’ येथे ‘हू’ पाहिजेच.

दुसरी चूक याच्या उलट आहे. ‘जो’ म्हटले की ‘तो’ म्हणावयाचेच, ही सवय जिभेत इतकी भिनलेली असते की ‘द बॉय हू केम, ही इज माय ब्रदर’ असे वाक्य सहज तयार होते. येथे ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. इंग्रजीत ‘हू’ एकटाच दोन्ही वाक्यांना जोडतो. त्यास जोडीदार लागत नाही. त्याच कारणाने ‘द बुक व्हिच आय बॉट इट’ यातील ‘इट’ अधिक होते.

तिसरी चूक शब्दयोगी अव्ययांची. ‘आम्ही उतरलेली धर्मशाळा’ या रचनेत ‘धर्मशाळेत’मधील ‘-त’ नाहीसा होतो आणि कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही. ‘मी राहतो ते घर’ याचीही तीच गोष्ट. इंग्रजीत मात्र हा संबंध टिकवावा लागतो : ‘द हाउस आय लिव्ह इन’. शेवटी लोंबकळणारे ते ‘इन’ मराठी कानाला विचित्र वाटते आणि म्हणून ते टाकून दिले जाते. पण त्यावाचून वाक्य लंगडे होते.

इथपर्यंतच्या चुकांनी फार तर हसू होईल. चौथी गोष्ट अर्थाचा अनर्थ करू शकते, आणि ती आहे स्वल्पविरामाची. एखाद्या वृद्ध गृहस्थाने मृत्युपत्रात लिहिले : ‘माय सन हू लिव्ह्ज इन मुरार शॅल हॅव्ह द हाउस’. याचा अर्थ, अनेक मुलांपैकी जो मुरारला राहतो त्याला घर मिळावे. आता ‘सन’ नंतर व ‘मुरार’ नंतर स्वल्पविराम घातले, तर अर्थ होतो : माझ्या मुलाला घर मिळावे, आणि तो मुरारला राहतो. म्हणजे जणू मुलगा एकच. दुसरा मुलगा पुण्याला असेल, तर दोन टिंबांनी त्याचे अस्तित्वच पुसले गेले. पहिले विशेषणवाक्य निवड करते. दुसरे केवळ अधिक माहिती देते. माहिती देणाऱ्या वाक्यात ‘दॅट’ वापरीत नाहीत आणि संबंधी शब्द गाळीतही नाहीत. ही त्याची ओळख. बोलताना तोच स्वल्पविराम किंचित थांबण्याने ऐकू येतो.

मराठीत ‘जो मुलगा मुरारला राहतो, त्याला घर मिळावे’ हे आरंभी ‘जो’ असलेले वाक्य निवडच दर्शविते. परंतु ‘मुरारला राहणाऱ्या माझ्या मुलाला’ एवढ्यावरून मुलगे किती हे कळत नाही. म्हणून असे मजकूर इंग्रजीत नेताना आधी स्वतःस विचारावे : येथे निवड करावयाची आहे, की नुसती माहिती द्यावयाची आहे? उत्तर मिळाले की स्वल्पविरामाची जागा ठरते.

हाच प्रवास उलट दिशेने करणारा एक इंग्रज होऊन गेला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. मागून येणारे ‘हू’ ज्यांच्या मातृभाषेत, त्यांनी आधी येणारा ‘जो’ आपलासा केला. पुढे दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणाने व मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने मराठीची घडण मराठी वाचकांपुढे उलगडून ठेवली. स्वभाषेचा ‘जो-तो’ ज्याने जाणीवपूर्वक पाहिला, त्याला इंग्रजीचा ‘हू’ परका राहत नाही. शिक्षकाने मुलास एवढेच करावयास लावावे : वाक्यातील ‘तो’ हुडकावा, नाम त्याच्या जागी पुढे आणावे, मग माहिती मागे जोडावी, आणि जोडून झाल्यावर तो ‘तो’ पुन्हा येऊ देऊ नये.